विरणारी निळाई आणि खरा नग

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये जीन्सच्या व्यवसायावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. या मालाचे वैशिष्ट्य असे की, त्याची किंमत रंग चढण्याइतकीच रंग उतरण्यावरही ठरते. डेनिमच्या उभ्या धाग्यावर निळीचा थर बाहेरूनच बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून धुलाईत वरची निळाई झिजली की आतला पांढरेपणा डोकावू लागतो. हा पालट बाहेरगावच्या व्यापाऱ्यास मोबाइलवर दाखवायचा, तर गडद नगाच्या चित्रातून फिक्या नगाचे चित्र हळूहळू उमलत आणणे सोयीचे पडते.

चित्रांचा हा खेळ या परिसराला नवा नाही. शेजारच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पडत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या त्या ७ जुलै १८९६ रोजी. युरोपात तर असे दोन दिवे शेजारी मांडून एकाचा प्रकाश मंद आणि दुसऱ्याचा तेज करीत. एक देखावा दुसऱ्यात विरघळून जाई.

आज दिव्यांची जागा टाइमलाइनने घेतली आहे. अडोबी अ‍ॅनिमेटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका सेकंदाच्या २४ फ्रेम धरल्या, तर गडद नगाचे चित्र खालच्या लेअरवर १ ते १२० फ्रेमपर्यंत, म्हणजे पाच सेकंद, ठेवावे. फिक्या नगाचे चित्र वरच्या लेअरवर २५व्या फ्रेमपासून आणावे, त्याचे सिम्बॉल करावे आणि तेथे अल्फा शून्य ठेवावा. ७३व्या फ्रेमवर तोच अल्फा शंभर करून मध्ये ट्वीन दिले की दोन सेकंदांत पालट पूर्ण होतो. दोन्ही छायाचित्रे मात्र एकाच जागेवरून, एकाच उजेडात घेतलेली असावीत. नाहीतर एका पँटीला चार पाय दिसतात!

येथे एक चूक हमखास होते. वरचे चित्र उजळताना खालचे मावळवण्याचा मोह पडतो. दिव्यांच्या बाबतीत ते योग्यच होते, कारण पडद्यावर प्रकाशात प्रकाश मिळत असे. लेअर मात्र एकमेकांना झाकतात. दोन्ही चित्रे अर्ध्यावर आली की वरचे निम्मे झाकते, खालचे उरलेल्या निम्म्यातील निम्मे. राहिलेल्या पाव भागातून पार्श्वभूमी डोकावते. ती पांढरी असेल तर कापड असते त्याहून फिके भासते, काळी असेल तर मळकट. म्हणून खालच्या चित्राला हात लावू नये.

एवढे नीट जमले, तरी व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढेच आहे. ४९व्या फ्रेमवर जी मधली निळी छटा दिसते, ती कोणत्याच नगाची नसते. ते दोन छायाचित्रांचे मिश्रण असते. प्रत्यक्ष धुलाईत शिवणी, गुडघे आणि खिशांच्या कडा आधी उतरतात, बाकीचे कापड मागून. पडद्यावर मात्र सारे एकाच चालीने फिके होते. बाहेरगावच्या घेणाऱ्याने नेमका तेथे व्हिडिओ थांबवून ‘हाच रंग पाठवा’ म्हटले, तर गोदामात नसलेल्या मालाची ऑर्डर पेढीवर येते. मग माल परत येतो, भाडे अंगावर पडते, आणि सर्वांत मोठी हानी शब्दाची होते. चित्र गोड दिसावे म्हणून फिल्टर चढवणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडलेला बरा.

यावर उपाय सोपा आहे. मध्यम धुलाईचा नग विक्रीला असेल, तर त्याचे स्वतंत्र छायाचित्र घेऊन तिसऱ्या लेअरवर ठेवावे आणि तेथे चित्र निदान एक सेकंद स्थिर राहू द्यावे. प्रत्येक स्थिर चित्राखाली नगाचा क्रमांक द्यावा. विरण्याच्या काळात तो पुसून टाकावा, म्हणजे घेणाऱ्याला क्रमांक दिसेल तेथेच माल आहे हे कळते. शेवटी फाइल एमपी४ रूपात काढावी. फ्लॅश प्लेयरला मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, तेव्हा जुन्या फ्लॅश रूपातील फाइल घेणाऱ्याच्या मोबाइलवर उघडणार नाही.