टाकीतले मासे अचानक मरू लागले तर

(आपल्या रेडिओवर झालेलं हे बोलणं बऱ्याच गटांनी लेखी मागितलं, म्हणून इथे छापत आहोत. टाकीजवळच्या भिंतीवर लावून ठेवता येईल.)



आज बोलायचंय शोभेच्या माशांबद्दल. परसात शेडनेटखाली दोन-चार सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी, मॉली, गोल्डफिश वाढवणारे गट आता बरेच झालेत. मासे वाढवायचे कसे, ते प्रशिक्षणात शिकवतात. पण काल संध्याकाळी चांगले पोहणारे मासे आज सकाळी उलटे तरंगताना दिसले तर काय करायचं, याची तयारी कुणाचीच नसते. आमचीही नव्हती.

आधी आमचंच सांगते. धंद्याचं दुसरं वर्ष, एप्रिल महिना. सकाळी गेले तर गोल्डफिशच्या टाकीत सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. आठ-दहा मेलेलेही होते. आम्ही घाबरलो. एकीने मूठभर मीठ टाकलं. दुसरीने दुकानातून आणलेलं निळं औषध ओतलं. मी म्हटलं, पाणीच नासलंय, सगळं उपसा आणि नळाचं ताजं भरा. दुपारपर्यंत टाकी नव्या पाण्याने भरली आणि संध्याकाळपर्यंत उरलेले सगळे मासे गेले. सव्वादोनशे मासे होते. आठवडाभरात व्यापारी न्यायला येणार होता आणि बँकेचा हप्ता त्याच पैशातून जायचा होता.

आम्ही म्हणालो, रोग आला. रोग आलाच नव्हता. पुढे काय कळलं ते सांगते, पण आधी कामाचं.

पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

मासे तडफडताना दिसले की हात शिवशिवतात, काहीतरी ओतावंसं वाटतं. तो हात आवरायचा. आधी एवढंच करा.

एक, जुनं पाणी स्वच्छ बाटलीत भरून बाजूला ठेवा. पाणी बदलल्यावर पुरावा राहत नाही.

दोन, हवा वाढवा. दुसरा पंप असेल तर तोही लावा. वीज गेली असेल तर प्लास्टिकच्या मगने टाकीतलंच पाणी वर उचलून हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहा.

तीन, खाद्य बंद करा. मोठे मासे दोन दिवस उपाशी राहिले तर त्यांना काही होत नाही. न खाल्लेलं खाद्य मात्र पाणी आणखी बिघडवतं.

चार, मेलेले मासे लगेच काढा आणि पाव टाकी पाणी बदला. फार तर तिसरा हिस्सा. नवं पाणी साठवून ठेवलेलं हवं आणि टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार हवं. सगळी टाकी एकदम उपसू नका.

औषध मात्र आत्ता नाही. कारण कळल्याशिवाय दिलेलं औषध उपयोगाचं नसतं, आणि काही औषधं टाकीतले उपयोगी जिवाणूच मारतात. ते जिवाणू कोणते, ते पुढे येईल.

आता चार प्रश्न विचारायचे. चार जणी मिळून विचारा.

पहिला प्रश्न: मासे कधी मरायला लागले?

पहाटे मरत असतील आणि ऊन वर आल्यावर उरलेले सावरत असतील, तर प्राणवायू कमी पडतोय. पाणी हिरवं असेल तर हे जास्त होतं. ते हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही माशांसारखंच प्राणवायू घेतं. पहाटेपर्यंत पाण्यातला साठा संपत येतो. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू मावतोही कमी. २५ अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणून हिवाळ्यात एका टाकीत जेवढे मासे सुखाने राहतात तेवढे मे महिन्यात राहतीलच असं नाही.

पाणी बदलल्यावर तास-दोन तासांत मरत असतील, तर दोष नव्या पाण्यात आहे. एकतर टीसीएल, नाहीतर गार-गरमचा फरक.

आणि रोज एक-दोन, असं चार-आठ दिवस चाललं असेल, अंगावर डाग, फाटलेले पंख, पांढरे ठिपके दिसत असतील, तर रोगाचा विचार करा.

दुसरा प्रश्न: कोणते मासे मरतायत?

लहान-मोठे, सगळ्या जातीचे एकदम आजारी पडले तर रोगापेक्षा पाण्यावर संशय घ्या. रोग सहसा दोन-चार माशांपासून सुरू होतो आणि मग पसरतो. मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासे कडेला अंग घासत असले, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तो बहुतेक वेळा नव्या आणलेल्या माशांबरोबर येतो. म्हणून नवे मासे निदान पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचे आणि त्यांची जाळीही वेगळी ठेवायची.

आणखी एक खूण सांगते. टाकीत गोरामी असतील तर त्यांच्याकडे पाहा. गोरामी कल्ल्यांनी श्वास घेतो, पण वर येऊन बाहेरची हवाही घेऊ शकतो. बाकीचे तडफडतायत आणि गोरामी मजेत आहेत, तर प्राणवायूच कमी आहे असं समजा. गोरामीसुद्धा मरगळले असतील, तर पाण्यात काहीतरी विषारी आहे.

तिसरा प्रश्न: एकाच टाकीत की सगळ्या टाक्यांत?

एकाच टाकीत असेल तर कारण त्याच टाकीत शोधा. मासे फार झाले का, खाद्य जास्त पडलं का, तळाशी काही कुजतंय का, फिल्टर बंद पडला का.

सगळ्या टाक्यांत एकदम झालं तर सगळ्यांना जोडणारी गोष्ट शोधा. पाणी कुठून आलं? रात्री वीज किती वेळ नव्हती? शेजारच्या रानात फवारणी झाली का? फवारणीचं तुषार वाऱ्याबरोबर शेडमध्ये येतं. डासांची अगरबत्ती किंवा डासांचं औषध टाक्यांच्या खोलीत लावलं होतं का? डास मारणारी बरीचशी औषधं माशांना फार विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. फवारणी केलेल्या हातांनी किंवा त्याच बादलीने टाकीतलं काम कधीच करू नका.

चौथा प्रश्न: गेल्या आठ दिवसांत काय बदललं?

हा सगळ्यात मोठा प्रश्न. आमचं उत्तर इथेच सापडलं, पण ते सापडायला पंधरा दिवस गेले.

ते कळण्यासाठी आधी विरजण समजून घ्या. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया होतो. तो विषारी असतो. पण टाकीच्या भिंतींवर, तळाच्या खडीत आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजात जिवाणू राहतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते थोडंफार असलं तरी मासे सोसतात. हे जिवाणू म्हणजे टाकीचं विरजण. आपलं दही रात्रीत लागतं, टाकीचं विरजण लागायला मात्र चार ते सहा आठवडे जातात. म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी शंभर मासे सोडायचे नसतात. पाच-दहा सोडायचे आणि हळूहळू वाढवायचे.

आमच्या त्या दिवसाआधी तीन दिवस टाकीचा स्पंज धुतला गेला होता. नळाच्या पाण्याखाली, साबण न लावता, पण अगदी पिळून पिळून, पांढरा होईपर्यंत. टाकी स्वच्छ दिसावी म्हणून. त्या धुण्यात विरजणच वाहून गेलं. तीन दिवसांत अमोनिया साचला. एप्रिलची उष्णता होती. पाणी जितकं गरम आणि त्याचा सामू जितका जास्त, तितका अमोनिया जास्त घातक होतो. सामू ७ वरून ८ झाला तर त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

एवढ्यावरही बरेचसे मासे वाचले असते. मारलं ते मी. नळाचं पाणी तसंच भरलं. ग्रामपंचायत टीसीएल टाकते ते आपल्यासाठी गरजेचंच आहे. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असावं, असं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं. आपल्याला ते सुरक्षित असतं, पण माशांचे कल्ले त्याहून कितीतरी कमी क्लोरिनने भाजतात. म्हणून नळाचं पाणी उघड्या टाकीत साठवायचं. हवा सोडत किंवा उन्हात निदान २४ तास ठेवायचं. त्या आठवड्यात टीसीएल जास्त पडली असेल तर दोन दिवस ठेवा. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाचं पाणी ओटी चाचणीने तपासतात, त्यात पिवळा रंग आला की क्लोरिन आहे. आपल्या साठवलेल्या पाण्याचीही चाचणी त्यांना करायला सांगा. रंग आला तर ते पाणी माशांना अजून चालणार नाही.

आणि स्पंज? तो धुवायचाच, पण टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा हलक्या हाताने दाबून. मळकट दिसला तरी चालेल. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवा.

आता जे सांगायचंय ते माशांचं नाही, आपलं आहे.

तो स्पंज माझ्या सुनेने धुतला होता. त्या सकाळी टाकीपाशी उभी राहून मी पहिलं काय विचारलं, ठाऊक आहे? "कुणी हात लावला होता टाकीला?" ती गप्प राहिली. नंतर मत्स्य विभागाचे साहेब पाहायला आले. त्यांनी सरळ विचारलं, फिल्टर कधी धुतला होता? दहा जणी उभ्या होतो, कुणी बोललं नाही. पंधरा दिवसांनी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आत्या, स्पंज मी धुतला होता. घाण दिसत होता म्हणून." तोवर दुसऱ्या टाकीचा स्पंजही कुणीतरी तसाच धुतला होता आणि तिथलेही तीस-चाळीस मासे गेले होते. मी पहिल्या दिवशी वेगळ्या शब्दांत विचारलं असतं, तर ते तरी वाचले असते.

तिची चूक नव्हती. स्वच्छ ठेवा, एवढंच तिला सगळ्यांनी शिकवलं होतं. विरजणाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्या गटात "कुणी केलं" हा प्रश्न बंद आहे. "काय बदललं" एवढंच विचारतो. टाकीजवळ दोरीने वही बांधली आहे. पाणी बदललं, नवे मासे आले, खाद्याची नवी पिशवी फोडली, स्पंज धुतला, वीज गेली, शेजारी फवारणी झाली, की तारीख घालून एक ओळ लिहायची. सही करायची नाही. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यायचं. शोभेच्या माशांच्या दुकानात अमोनिया आणि सामू तपासायचे संच मिळतात. थेंब टाकायचे आणि रंग ताडून पाहायचा. आठवड्यातून एकदा तो आकडाही वहीत लिहायचा. अमोनिया शून्यच हवा. तो चढताना दिसला तर मासे तडफडायच्या आधीच कळतं.

हे चार प्रश्न फक्त आपल्या टाकीपुरते नाहीत. शहरात काही हौशी लोक खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ ठेवतात. तेही असंच अचानक पांढरं पडतं, आणि तिथेही आधी हेच विचारावं लागतं. पाणी तापलं का? दिवा बदलला का? उडून गेलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारंच पाणी ओतलं का? वाफ होताना फक्त पाणी जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून तिथे गोडं पाणीच भरावं लागतं, नाहीतर खारेपणा वाढत जातो. प्रवाळाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवते. आपल्या समुद्रातलं दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत. कोकणच्या सहलीला गेलात तर ते उचलू नका आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका.

तर मैत्रिणींनो, उद्या टाकीवर जाल तेव्हा दोन कामं करा. एक पिंप पाणी साठवून ठेवा आणि एक वही बांधा. आणि कधी वाईट सकाळ उगवलीच, तर टाकीपाशी उभ्या असलेल्या पोरीला आधी जवळ घ्या. काय बदललं, ते बहुतेक तिलाच ठाऊक असतं.