रॉड टाकला, आता हाड जुळेल का?

मेहकर–मालेगाव रस्त्यावरच्या डोणगावात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की हाडं मोडण्याची कारणंही वाढतात. मोटारसायकल घसरते, ट्रॅक्टर उलटतो, मळणी यंत्रात हात सापडतो. म्हातारी माणसं तर बारा महिने न्हाणीत घसरतात. जखमीला मेहकरला, तिथून अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेलं जातं आणि नातेवाइकांच्या कानावर शब्द पडतात: रॉड, पट्टी, बॉल, सांधा. सही करण्याआधी त्यांचा अर्थ माहीत असायला हवा.

हाड जुळवतं शरीरच

मोडलेल्या टोकांभोवती रक्त साकळतं, त्यातून आधी मऊ आणि मग कडक असं नवं हाड तयार होतं. मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडाला याला साधारण चार ते सहा महिने लागतात. तेवढा काळ तुकडे सरळ धरून ठेवणं एवढंच धातूचं काम. पण धातूही थकतो. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हाड न जुळता भार सोसत राहिलेला रॉड किंवा पट्टीही एक दिवस मोडते. "अजून पाय टेकवू नका" असं डॉक्टर सांगतात ते याच हिशेबाने.

तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि जुळणी लांबवतं. खर्रा, गुटखा, बिडी या काळात पूर्ण बंद हवी, रक्तातली साखरही ताब्यात हवी. ऑपरेशनसाठी कर्ज काढणारं घर भेटायला आलेल्याने हळूच दिलेल्या पुडीकडे मात्र काणाडोळा करतं, याचं मला फार वाईट वाटतं.

रॉड, पट्टी की पिंजरा

मांडीचं किंवा नडगीचं हाड मधोमध मोडलं तर बहुधा रॉड. १९३९ मध्ये जर्मन सर्जन गेरहार्ड क्युंचर यांनी हाडाच्या पोकळीतून लांब सळई घालायला सुरुवात केली. आता तिच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू बसवतात, त्यामुळे हाड फिरत नाही आणि आखूड होत नाही. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत लहान छेदातून हे करता येतं, म्हणून मोडलेल्या जागेचं साकळलेलं रक्त फारसं विस्कटत नाही.

सांध्याजवळ मोडलं असेल तर धातूची पट्टी. तिथे सांध्याचा पृष्ठभाग तंतोतंत जुळावा लागतो, नाहीतर पुढे संधिवात ठरलेला. हाड ठिसूळ असेल तर लॉकिंग पट्टी वापरतात. तिच्या स्क्रूचं डोकंच पट्टीच्या आट्यांत घट्ट बसतं.

हाड बाहेर आलंय, जखमेत शेतातली माती गेलीय, अशा वेळी बाहेरून पिना आणि सळ्यांचा पिंजरा लावून आधी जखम सांभाळतात. बोटांसारख्या बारीक हाडांसाठी आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठी मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी तयार केलेला हलका फिक्सेटर 'जेस' या नावाने ओळखला जातो.

हाडवैद्याकडे जाणाऱ्यांना एकच सांगणं: करकचून बांधलेल्या पट्टीखाली बोटं बधिर, थंड किंवा निळी पडली, वेदना वाढतच गेली, तर बांधलेलं लगेच सोडा आणि दवाखाना गाठा. काही तासांच्या उशिरानेही हात कायमचा निकामी होऊ शकतो.

आजीचा खुबा

"आता या वयात कशाला ऑपरेशन, पडून राहू द्या." हा निर्णय प्रेमापोटीच घेतला जातो, पण फार महाग पडतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून प्रकृती झेपणारी असेल तर खुब्याचं ऑपरेशन पहिल्या एक-दोन दिवसांतच करावं, असं जगभरचे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. उद्देश एवढाच की आजी लवकर उठून बसावी आणि वॉकर धरून चालावी.

मोड कुठे आहे यावर पुढचं ठरतं. बॉलच्या खालच्या मानेत मोडलं तर बॉलचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. म्हणून वयस्कर रुग्णात बहुधा तो काढून धातूचा बॉल बसवतात. त्याच्या खाली मोडलं तर तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. मग स्क्रू-पट्टी किंवा आखूड रॉड घालून हाड जुळू देतात.

गुडघ्याचा सांधा

इथे हाड जुळवायचं नसतं, झिजलेला पृष्ठभाग बदलायचा असतो. मांडीच्या टोकाला बहुधा कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, नडगीवर धातूची बैठक आणि मधे पॉलिएथिलीन हे प्लास्टिक. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' हा भारतीय बनावटीचा गुडघा विकसित केला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला कर वगळून ५४,७२० रुपये ठरले. ही मर्यादा फक्त सांध्याच्या किमतीवर आहे, ऑपरेशनच्या खर्चावर नाही, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी.

स्टिकर मागून घ्या

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनी, आकार आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं. त्याचं महत्त्व २०१० मध्ये कळलं. धातूवर धातू घासणारा 'एएसआर' हा कृत्रिम खुबा डीप्यू कंपनीने जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता, आणि यातल्या बहुसंख्य रुग्णांचा माग पुढे लागलाच नाही.

तेव्हा डिस्चार्ज कार्डावर स्टिकर लावून घ्या, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा आणि पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर तो आधी दाखवा. रॉड किंवा पट्टी काढायची वेळ आली तरी तो उपयोगी पडतो, कारण कंपनीगणिक स्क्रूचं डोकं वेगळं आणि पाना वेगळा. मोठ्या माणसात धातू काढावाच लागतो असं नाही. काढला, तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही महिने पोत्यांचं ओझं उचलायला देऊ नका.