वर्गासाठी स्लाइड आणि ध्वनी : कोणते साधन कशासाठी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरची (वस्त्यांवरची) अनेक मुले घरी कोलामी बोलतात. शाळेत मात्र पुस्तक मराठी. कोलामी ही मराठीहून वेगळ्या, द्राविडी कुळातली भाषा, म्हणून चित्र आणि ओळखीचा आवाज यांचा आधार इथे फार मोलाचा.

● स्लाइड : पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आले, त्याची संगणकावर बसवायची आवृत्ती विकत घ्यावी लागते. २०१० पासूनचे लिब्रेऑफिस इम्प्रेस मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालते.

● आवाज : ऑडॅसिटी मोफत. पोडावरच्या आजीकडून बैल, कापूस, पाऊस यांचे कोलामी शब्द तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा, सुरुवातीची-शेवटची गडबड कापा आणि चित्राशेजारी जोडा.

● चित्रफीत : ओबीएस स्टुडिओ पडद्यावरच्या स्लाइड आणि तुमचे बोलणे एकत्र टिपते. हेही मोफत.

● फाँट : जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन बसतो. सुरुवातीपासून युनिकोडच वापरा.

● तयार साहित्य : २०१७ मध्ये सुरू झालेले ‘दीक्षा’ ॲप पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून धडे उघडते. जिथे रेंज आहे तिथेच ते धडे उतरवून ठेवा.

● वर्गाआधी : पेन ड्राइव्हवरची फाइल शाळेच्याच संगणकावर एकदा पूर्ण चालवून पाहा. आवाज न वाजण्याची अडचण तिथेच कळते.

एका धड्यासाठी पाच-सहा स्लाइड पुरेत. त्यातली एक तरी मुलांच्या घरच्या बोलीत असू द्या.