जबडा नसलेल्या माशाचा माग

बर्फ वितळून पाण्याचा जोर ओसरला, की अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या ओढ्यांत छोटी छोटी पथकं उतरू लागतात. छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख, पाठीवर बॅटरीची पेटी, हातात लांब दांड्याच्या जाळ्या. ही मंडळी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेची. इथल्या महासरोवरांच्या कॅनडाकडच्या बाजूला हेच काम तिथलं मत्स्य खातं करतं. मासे हवे असतील तर खळाळतं पाणी गाठायचं, हा साधा हिशेब. यांचे पाय मात्र वळणाआडच्या संथ, मऊ गाळाकडे वळतात.

गाळाच्या वर धरलेल्या दांड्यांतून आधी विजेचे सौम्य झटके सोडले जातात, सेकंदाला तीन. थोड्या वेळानं गाळ ढवळतो आणि पेन्सिलीहून बारीक, मातकट रंगाचे जीव वळवळत वर येतात. ते बाहेर पडले, की झटक्यांचा वेग सेकंदाला तीसवर नेतात. जीव सुन्न होतात आणि जाळीत उचलले जातात. सुरुवातीलाच वेगानं झटके दिले, तर ते गाळाच्या आतच सुन्न होऊन पडतील आणि हाती काहीच लागणार नाही, म्हणून हा क्रम.

हे जीव म्हणजे लॅम्प्रेच्या अळ्या. दहावीच्या विज्ञानात ‘चक्रमुखी’ वर्गाचं उदाहरण म्हणून पेट्रोमायझॉन हे नाव आपण वाचतो, तोच हा प्राणी. भारतातल्या नद्यांत तो नाही, त्यामुळे आपली ओळख बहुधा पुस्तकापुरतीच राहते. पूर्ण वाढलेला सागरी लॅम्प्रे वामसारखा लांबट दिसतो, पण साम्य तिथंच संपतं. त्याच्या अंगावर खवले नसतात, पर जोडीजोडीनं नसतात, सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. डोक्यावर मधोमध एकच नाकपुडी आणि दोन्ही बाजूंना कल्ल्यांची सात-सात भोकं. जबड्याच्या जागी गोल, चिकटणारं तोंड, त्यात केराटिनच्या दातांची वर्तुळं आणि मधे खरवडणारी जीभ. मोठ्या माशाला चिकटून लॅम्प्रे त्याची कातडी भेदतो. लाळेतल्या द्रव्यामुळे रक्त गोठत नाही आणि त्यावर तो पोसला जातो.

सागरी लॅम्प्रे मूळचा अटलांटिकचा. नायगाराच्या धबधब्यामुळे वरच्या सरोवरांची वाट त्याला बंद होती. धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा 1829 साली सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आणखी सुधारला गेला. 1921 साली ईरी सरोवरात लॅम्प्रे आढळला, 1938 पर्यंत तो सुपिरियर सरोवरात पोहोचला. एक लॅम्प्रे आपल्या परजीवी आयुष्यात सुमारे 18 किलोपर्यंत मासे मारू शकतो. वरच्या सरोवरांत वर्षाला दीड कोटी पौंडांच्या घरात असलेली लेक ट्राउटची पकड 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तीन लाख पौंडांवर आली. अतिमासेमारीचाही त्यात वाटा होता, पण कोळ्यांच्या जाळ्यात गोल जखमांचे मासे येत होते, ते लॅम्प्रेमुळेच. अखेर दोन्ही देशांनी करार केला आणि 1955 साली महासरोवर मत्स्य आयोग उभा राहिला.

जाळीत आलेल्या अळ्या बादलीत पडल्या, की कामाचा नाजूक भाग सुरू होतो. महासरोवरांच्या खोऱ्यात लॅम्प्रेच्या चार स्थानिक जातीही आहेत. हजारो वर्षं त्या इथल्या माशांसोबत नांदत आल्या आहेत. त्यांतल्या दोन तर प्रौढपणी काहीच खात नाहीत, फक्त अंडी घालून मरतात. त्यामुळे हातातली अळी पाहुण्याची की घरची, हे ठरवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. अळीला गुंगी देऊन पाण्याच्या ताटलीत आडवं ठेवतात. पाठीवरचा पर सलग एकच असेल, तर ती इक्थिओमायझॉन या स्थानिक प्रजातीतली. पर दुभागलेला असेल, तर ती सागरी लॅम्प्रेची किंवा अमेरिकन ओहोळ लॅम्प्रेची. मग डोकं आणि शेपूट यांवरच्या रंगकणांची ठेवण पाहावी लागते. त्यानंतर लांबी मोजतात. मोठ्या अळ्या जास्त असतील, तर लवकरच त्यांचं रूपांतर होऊन त्या सरोवराकडे निघणार, म्हणून लॅम्प्रे मारण्याच्या मोहिमेत त्या ओढ्याचा क्रमांक वर लागतो.

या अळीनं जाणत्यांनाही दीर्घकाळ चकवलं. तिचे डोळे कातडीखाली झाकलेले, दात नाहीत, तोंडावर झालरीसारखी टोपी; गाळात बसून ती पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खाते आणि असं तीन ते सात वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगते. प्रौढाशी तिचं रूप इतकं जुळत नाही, की ‘अमोसीट’ नावाची वेगळी प्रजातीच मानली गेली होती. 1856 साली जर्मनीत ऑगस्ट म्युलर यांनी अमोसीट ही लॅम्प्रेचीच अळी असल्याचं दाखवून दिलं. रूपांतरात तिचे डोळे उघडतात, चिकटणारं तोंड घडतं आणि घशातला एंडोस्टाइल हा अवयव थायरॉइड ग्रंथीत बदलतो.

लॅम्प्रेचा भाऊबंद हॅगफिश, म्हणजे पुस्तकातला मिक्झीन, याची कथा आणखी गुंतागुंतीची. 1758 साली लिनियसनं त्याला चक्क कृमींत घातलं. पुढे 1806 मध्ये फ्रान्सच्या दुमेरील यांनी लॅम्प्रे आणि हॅगफिश एकत्र आणले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा शंका निघाली: लॅम्प्रेला मणक्यांचे अंकुर आहेत, हॅगफिशला ते दिसत नाहीत, तर लॅम्प्रे जबडेवाल्या माशांच्या जवळचा का मानू नये? जनुकांच्या तुलनेनं उत्तर दिलं, की दोघे एकमेकांचेच सर्वांत जवळचे नातलग. 2011 साली जपानमधल्या संशोधकांनी हॅगफिशच्या शेपटीच्या भागात मणक्यांसारखे कूर्चेचे तुकडे दाखवले. मणके मुळात होते, हॅगफिशमध्ये ते झिजत गेले, असा त्याचा अर्थ लावला जातो. चक्रमुखी हा जुना गट अशा रीतीनं पुन्हा पक्का झाला.

अळी वर्षानुवर्षं एकाच जागी बसून राहते, हे तिचं मर्मस्थान. मिशिगनमधल्या हॅमंड बे केंद्रात व्हर्नन ॲपलगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रसायनं बरण्यांत तपासली. प्रत्येक बरणीत लॅम्प्रेच्या अळ्या आणि सोबत दुसरे मासे. अळ्या मराव्यात आणि मासे जगावेत, एवढी एकच कसोटी. त्यातून टीएफएम हे रसायन सापडलं आणि 1958 पासून ओढ्यांत वापरात आलं. ते पेशींमधली ऊर्जा तयार होण्याची साखळी तोडतं. इतर मासे यकृतात त्याला दुसऱ्या रेणूची जोड देऊन बाहेर टाकतात. लॅम्प्रेची ही क्षमता फार तोकडी आहे.

प्रत्यक्ष मात्रा देणं हे मात्र जागरणाचं काम. रसायन साधारण बारा तास मोजून-मापून पाण्यात सोडतात आणि खालच्या अंगाला ठिकठिकाणी नमुने घेऊन त्याचं प्रमाण तपासत राहतात. पाणी जितकं आम्लाकडे झुकतं, तितकं टीएफएम जहाल होतं. दिवसा पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषतात, पाण्याचा सामू चढतो आणि विषाची धार कमी होते, रात्री उलट. म्हणजे एकच मात्रा दुपारी कमी पडू शकते आणि पहाटे ट्राउटच्याही जिवावर उठू शकते. तीन ते पाच वर्षांनी त्याच ओढ्यात हे सगळं पुन्हा करावं लागतं. या चिकाटीनं बहुतेक भागांत सागरी लॅम्प्रेची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी घटली. कोविडच्या काळात फेऱ्या कमी झाल्या, तेव्हा ती लगेच वाढलीही.

या यशाची किंमत आहे. टीएफएमला स्थानिक लॅम्प्रेच्या अळ्याही बळी पडतात आणि स्टर्जन माशाची लहान पिल्लं त्याच्यापुढे नाजूक ठरतात. म्हणूनच रसायनाशिवायच्या उपायांवर जोर दिला जातो. लॅम्प्रेला उडी मारता येत नाही. त्यामुळे थोड्या उंचीचा बुटका बंधारा ट्राउटला ओलांडता येतो, त्याला मात्र अडवतो. नर लॅम्प्रे मादीला बोलावण्यासाठी पाण्यात सोडतो ते गंधद्रव्य मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या वेमिंग ली यांच्या प्रयोगशाळेनं ओळखलं. सापळ्यांत आमिष म्हणून त्याचा वापर करायला अमेरिकेत मान्यताही मिळाली आहे.

खंडाच्या पश्चिम टोकाला चित्र उलटं आहे. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात पॅसिफिक लॅम्प्रे हे याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्स आणि नेझ पर्स या आदिवासी राष्ट्रांचं परंपरागत अन्न आणि त्यांच्या विधींचा भाग आहे. धरणांनी त्याची वाट अडवल्यावर तो झपाट्यानं घटला. 2011 साली या चारही राष्ट्रांनी मिळून त्याच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा केला. धरणांजवळ पकडलेले प्रौढ लॅम्प्रे टाक्यांमधून वरच्या उपनद्यांत नेऊन सोडले जातात. उमाटिला नदीत असे लॅम्प्रे सोडल्यानंतर तिच्या गाळात अळ्यांची संख्या पुन्हा वाढू लागली.