पावतीवर नाव कोणाचं?

फर्दापूरच्या टी पॉइंटवरून अजिंठा लेण्यांकडे बसगाड्या सुटतात. त्या गर्दीवर पोट भरणाऱ्या दुकानदारांची बचत बहुतेक रोजच्या पिग्मीतून जमते, शेतकऱ्याच्या कापसाचे पैसे मुदत ठेवीत जातात. पतसंस्थेत पैसे ठेवताना मनात एक हिशेब पक्का असतो: संस्था नोंदणीकृत आहे, बुडालीच तर पाच लाखांपर्यंत सरकार देईल. हा समज माणसाला सगळ्यात महागात पडतो.

पाच लाखांचा विमा खरा आहे, पण तो बँकेतल्या ठेवीला. रिझर्व्ह बँकेचं ठेव विमा महामंडळ तो देतं. १९९३ पासून मर्यादा १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख झाली. सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवानाही नसतो. राज्यातली पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदवलेली असते, मल्टिस्टेट दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे. नोंदणीचा अर्थ एवढाच, की संस्था कायद्याने अस्तित्वात आली. तिने कोणाला कर्ज दिलं आणि ते वसूल होईल का, याची हमी त्या प्रमाणपत्रात नाही. ठेव ठेवण्याआधी पावतीवर ‘बँक’ लिहिलंय की ‘पतसंस्था’, हे वाचायलाच हवं.

हे दूरचं नाही. शेजारच्या जळगावातली भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था अडचणीत आली, तेव्हा ठेवीदारांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. २०२३ मध्ये संभाजीनगरच्या आदर्श पतसंस्थेचे ठेवीदार मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे अडकले की माणूस आतून खचतो. ‘एमपीआयडी’ हा ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा अशा वेळी संचालकांची मालमत्ता जप्त करून विकायची वाट देतो. पण जप्ती, न्यायालय, लिलाव, मग वाटप, यात वर्षं जातात.

शेअर बाजाराबद्दलचा समज याच जातीचा: सेबी आहे, म्हणजे तोटा भरून मिळेल. सेबी नियम करते, दलालावर कारवाई करते, तोटा भरत नाही. युरोपातही तसंच आहे. तिथे १९९७ च्या नियमानुसार गुंतवणूकदाराला किमान २० हजार युरोची भरपाई आहे, पण ती मिळते गुंतवणूक कंपनी ग्राहकाचे पैसे किंवा शेअर परत देऊ शकली नाही तरच. भाव पडला, तर काहीच नाही. मात्र २०१८ पासून तिथल्या सीएफडी, म्हणजे शेअर प्रत्यक्ष न घेता भावातल्या फरकावरचे सौदे, विकणाऱ्या कंपन्यांना आपले किती टक्के ग्राहक तोट्यात जातात, हे जाहिरातीतच छापावं लागतं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे सेबीने २०२४ मध्ये सांगितलं, की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘टिप’ देणारा सेबीचा नोंदणी क्रमांक सांगतो, तेवढ्यावर भागत नाही. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने, तो सेबीच्या संकेतस्थळावर जुळवून बघा. चोर खऱ्या माणसाचा क्रमांकही वापरतात, म्हणून फोन नंबरही तिथलाच जुळायला हवा. पैसे गेलेच, तर लाज बाळगू नका, त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली, तरच ती हाती लागते.