छातीतली दुर्बीण आणि सरावलेला हात

मी भूलतज्ज्ञ आहे. दुर्बिणीतून फुप्फुसाचा खंड काढताना एका बाजूचं फुप्फुस मिटवून दुसऱ्यावर रुग्णाचा श्वास चालू ठेवणं, हे माझं काम. त्यामुळे सर्जनचा हात कसा घडत जातो, ते टेबलाच्या डोक्याकडून मला नीट दिसतं.

ही शस्त्रक्रिया १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळू लागली. २०१०मध्ये स्पेनच्या दिएगो गोन्झालेझ-रिवास यांनी ती एकाच छेदातून करून दाखवली. बरगड्या न फाकवल्यानं रुग्णाला वेदना कमी होतात, तो लवकर खोकतो, लवकर चालतो.

खरी कसोटी फुप्फुसधमनीपाशी लागते. तिची भिंत पातळ. जरा ओरखडा गेला की पडदा क्षणात लाल. नवखा हात तिथे चिमटा मारायला धावतो आणि भोक वाढतं. मुरलेला सर्जन बोळा दाबून धरतो, मला सावध करतो, थांबतो. मग ठरवतो: दुर्बिणीतूनच पुढे जायचं की छाती उघडायची. वेळेवर छाती उघडणं ही हार नव्हे, शहाणपण आहे.

साधारण पन्नासेक शस्त्रक्रियांनंतर हात बसतो, असं मानतात. आपल्याकडे जुन्या क्षयानं फुप्फुस छातीला आणि लसीकागाठी धमनीला चिकटलेल्या असतात, तिथे मला हा आकडा अपुरा वाटतो. शिवाय कॅमेरा धरणारा, परिचारिका, आम्ही, सगळ्यांनाच सराव लागतो.

म्हणून सर्जनला निःसंकोच विचारा: अशा किती केल्या, कितींमध्ये छाती उघडावी लागली? चांगला सर्जन रागावत नाही.