खुंट घरचा, कलम बाहेरचं

दिवाळी उलटली की आमच्या वाणगावात दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक मिरचीचा आणि दुसरा कबड्डीचा. दिवसा स्टेशनकडे मिरचीच्या गोण्या निघतात आणि रात्री कुठल्या ना कुठल्या पाड्यावर दिवे लावून मैदान आखलं जातं. मिरचीचा ठसका आणि पंचाची शिट्टी, दोन्ही एकाच वाऱ्यावर येतात. बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने मी बरीच गावं फिरलो, पण ही दोन्ही एकत्र मला दुसरीकडे कुठे भेटली नाहीत.

आमच्या मंडळाचा मी जुना खजिनदार. बँकेत होतो, म्हणून ते पद गळ्यात पडलं आणि निवृत्त झालो तरी सुटलं नाही. यंदा मंडळाच्या सभेत मोठा पेच पडला. एका देणगीदाराने बरी रक्कम देऊ केली होती आणि ती कशी खर्च करायची यावर सभा दुभंगली. तरुण कार्यकर्त्यांचं म्हणणं, मुंबई-ठाण्याकडचे चार नावाजलेले खेळाडू मानधन देऊन आणू आणि या वर्षी करंडक घरी आणूच. दुसरी बाजू म्हणत होती की त्याच पैशात मॅट घ्या, एक शिक्षक ठेवा, पाड्यांवरची पोरं तीन-चार वर्षं तयार करा. आवाज चढले. शेवटी कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुम्ही बँकवाले. पैसा कुठे लावायचा ते तुम्हीच सांगा."

मी आठ दिवसांची मुदत मागितली. कारण या प्रश्नाचं उत्तर मी पूर्वी एकदा दिलं होतं, आणि ते चुकलं होतं.

साल १९९३. अशीच सभा, असाच वाद. तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि आकड्यांवर माझा फार विश्वास होता. आमच्या संघात पाड्यावरचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. दिवसा मिरचीच्या तोडणीला जायचा आणि संध्याकाळी मैदानात उतरायचा. त्याची चढाई म्हणजे वीज. मध्यरेषा ओलांडून गेला की परत येईपर्यंत बघणाऱ्यांचाच दम कोंडायचा. पण स्पर्धा मोठी होती आणि तिथे बाहेरचे खेळाडू घ्यायला मुभा होती. आम्ही तीन पाहुणे आणले. त्यांच्या मानधनाच्या पाकिटांवर रक्कम लिहिली ती माझ्या हाताने. त्या मुलाला आम्ही राखीव बसवलं. "पुढच्या वर्षी तूच," असं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगणाराही मीच.

करंडक मिळाला. गावात मिरवणूक निघाली. पुढच्या वर्षी मात्र पाहुणे आलेच नाहीत, कारण दुसऱ्या मंडळाने जास्त मानधन देऊ केलं होतं. आणि तो मुलगाही नव्हता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो कंत्राटी कामाला लागला होता. रात्रपाळी आली आणि कबड्डी गेली. त्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. ताळेबंदात मात्र सगळं व्यवस्थित जुळत होतं.

हा वाद आमच्या मंडळाचाच आहे असं नाही. जगभर जिथे जिथे संघ बांधले जातात, तिथे तो आहेच. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत तर उमेदीच्या पोरांच्या बदल्यात तयार खेळाडू घेण्याची रीतच आहे आणि त्यावर तिथले लोक हिरिरीने भांडतात. आपल्याकडे हाच खेळ २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून उघड्या लिलावात दिसू लागला. आठ दिवसांच्या मुदतीत मी नातवाला जवळ बसवलं आणि त्या लिलावांचा हिशेब मांडला. जुनी खोड, दुसरं काय!

आधी खरेदीची बाजू पाहू. २०२२ साली तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावत या अव्वल चढाईपटूला २ कोटी २६ लाख रुपयांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि सगळा हंगाम तो बाहेर बसला. गंमत अशी, की त्याच हंगामात नरेंदर नावाच्या नवख्या मुलाच्या चढायांवर हा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. पुढच्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. पवनने आपला वाटा उचलला. पण २२ सामन्यांत संघाला विजय मिळाले दोन, आणि जागा मिळाली शेवटची. एकट्याच्या खांद्यावर सात जणांचं मैदान पेलत नाही.

आता आपल्या पुण्याकडे या. पुणेरी पलटण पहिल्या हंगामापासूनचा संघ, पण विजेतेपद काही मिळत नव्हतं. मोठी नावं आली आणि गेली. दरम्यान या मंडळींनी तरुण पोरांना हाताशी धरलं होतं. २०२१-२२ चा हंगाम बंगळुरूला, प्रेक्षकांविना झाला. तेव्हा राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे नामांकित गडी संघात असूनही चमकली ती अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही नवी पोरं. अस्लम आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. २०२२ मध्ये संघ अंतिम फेरीत गेला आणि जयपूरकडून २९-३३ असा हरला.

यानंतर पुण्याने जे केलं ते मला बँकेच्या माणसाच्या नजरेने फार मोलाचं वाटतं. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात त्यांनी इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. तेव्हा प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला एकूण मर्यादा होती पाच कोटींची. म्हणजे जवळजवळ निम्मी तिजोरी एका माणसावर! माझ्या शाखेत असा कर्जप्रस्ताव आला असता तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचला असता. पण तो परवडला, कारण बाकीचा संघ घरचा होता. अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही पोरं एकमेकांच्या श्वासाची लय ओळखत होती. शादलुईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरयाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. त्या सामन्यात पुण्याचे सर्वाधिक गुण शादलुईचे नव्हते, पंकज मोहितेचे होते.

कथा इथेच संपली असती तर मी ती सभेत ठासून सांगितली असती. पण पुढचं ऐका. पुढच्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरयाणाकडे गेला. त्या हंगामात अस्लमही दुखापतीने बाहेर पडला आणि गतविजेतं पुणे बाद फेरीतही पोचलं नाही. २९ डिसेंबर २०२४ ला विजेतेपद हरयाणाने घेतलं, आणि तेही पुण्याला, बालेवाडीत! मग त्यापुढच्या वर्षी तोच शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला. २०२५ च्या अंतिम सामन्यात मात्र गुजरात नव्हतं. तिथे होतं त्याच्याविना खेळणारं पुणे. दिल्लीकडून ते २८-३१ असे, केवळ तीन गुणांनी हरले.

आता या हिशेबातून काय घ्यायचं? खरेदी करणारे म्हणतील, पाहा, शादलुई दोनदा जिंकून देतो. घडवणारे म्हणतील, पाहा, तो गेला तरी पुणे पुन्हा उभं राहतं. दोघेही खरं बोलतात. मी वही मिटली आणि वाडीत गेलो.

आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. डहाणू तालुक्यात मिरची आणि चिकू शेजारी शेजारी नांदतात. मिरचीचं पीक त्याच हंगामात पैसा दाखवतं. चिकूचं तसं नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी थोडी फळं दिसतात, खरं उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षं लागतात. मग मात्र झाड पिढ्यान् पिढ्या देत राहतं. बँकेत आम्ही मिरचीला पीककर्ज द्यायचो आणि चिकूला लांब मुदतीचं, तेही पहिली काही वर्षं हप्त्याची सवलत ठेवून. मिरचीची मुदत चिकूला लावली तर शेतकरी बुडतो आणि चिकूची मिरचीला लावली तर बँक.

पण त्या संध्याकाळी माझं लक्ष गेलं ते कलमांकडे. चिकूचं झाड सहसा स्वतःच्या मुळांवर उभं नसतं. खाली असतो रायणीचा खुंट. रायण चिवट, तिची मुळं मजबूत. पिशवीत वाढवलेलं रायणीचं रोप जातिवंत चिकूच्या, म्हणजे काळीपत्तीच्या फांदीजवळ नेतात, दोघांची साल तासून एकत्र बांधतात आणि दोन-तीन महिने तसंच ठेवतात. जीव जुळला की मगच कापतात. फळ येतं ते बाहेरून आणलेल्या फांदीचं, पण त्या फांदीला पाणी पाजते रायण. खुंट कोवळा किंवा वाळका असेल, तर कितीही महागाची फांदी बांधा, आठवडाभरात ती काळी पडते.

शादलुई एकच होता, खुंट मात्र तीन निरनिराळे होते. पुण्याचा खुंट तयार होता, म्हणून कलम धरलं. हरयाणाचाही होता, कारण पुण्याशी अंतिम सामना खेळला तेव्हाच त्यांची तरुण पोरं तयार झाली होती. तिसऱ्या ठिकाणी ते तसं धरलं नाही. तेव्हा बाहेरचा घ्यावा की घरचा घडवावा, हा प्रश्नच मला अपुरा वाटू लागला. आधी काय आणि मग काय, हा खरा प्रश्न. आम्ही १९९३ साली खुंट उपटून बाजूला ठेवला आणि नुसती फांदी जमिनीत खोचली. मिरवणुकीपुरती ती हिरवी राहिली.

इतकं मनाशी ठरल्यावर मला समाधान वाटायला हवं होतं. पण एक गोष्ट टोचत राहिली. झाडाला सात वर्षं थांबता येतं, पोराला येतं का? मंडळाचं आयुष्य पन्नास वर्षांचं, कबड्डीपटूच्या गुडघ्याचं फार तर दहा-बारा. आपण संयम, संयम म्हणतो तो कुणाच्या खर्चाने? त्या मुलाला "पुढच्या वर्षी" म्हणताना मीही संयमाचाच उपदेश करत होतो की!

म्हणून सभेच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. तो आता पन्नाशी ओलांडलेला. कंपनीतलं काम सुटलं, आता लोकांच्या वाड्यांत कलमं बांधतो आणि संध्याकाळी पाड्यावरच्या पोरापोरींना मोकळ्या जागेत कबड्डी शिकवतो. त्याचे पैसे घेत नाही. मी गेलो तेव्हा सात-आठ मुली साखळी धरून उभ्या होत्या आणि तो चढाईचं पाऊल कसं टाकायचं ते करून दाखवत होता. गुडघा वाकत नव्हता, पण पावलात अजून तीच घाई होती.

मी त्याला सभेतला वाद सांगितला. मग, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "त्या वेळी आमचा राग आला असेल ना?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "राग नाही भाऊ. ते पाहुणे माझ्यापेक्षा चांगलेच खेळत होते. मी बघून शिकलोसुद्धा. पण आपण शेवटी अठरा गुणांनी पुढे होतो. तेव्हा मला दहा मिनिटं दिली असती तर चाललं असतं."

अठरा गुण. करंडक कुठल्या कपाटात आहे हे मला आठवत नव्हतं आणि त्याला फरक पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सभेत मी शादलुईची कथा सांगितली नाही आणि रायणीचीही नाही. एवढंच म्हणालो, की पैशाचा मोठा भाग मॅट आणि शिक्षकाला जावा. उरलेल्यात बाहेरचा एकच खेळाडू आणावा, आणि तोही हंगामभर राहून पोरांबरोबर सराव करायला तयार असेल तरच. आणि एक अट घातली. राखीव बसलेल्या गावच्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात निदान दहा मिनिटं मैदानात उतरवायचं. जिंकत असलो तरी आणि हरत असलो तरी.

पहिले दोन मुद्दे मान्य झाले. दहा मिनिटांवर मात्र पुन्हा आवाज चढले. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, अंतिम सामन्यातसुद्धा?"

मी म्हणालो, "अंतिम सामन्यात तर नक्कीच."

तो मुद्दा पुढच्या सभेवर ढकलला गेला आहे. शिक्षकाची जागा मात्र भरली. त्याने मानधन किती, असं विचारलं नाही. मॅट कधी येणार, एवढंच विचारलं.